दोघींत एक बाटली

"चपला काढा, पिशवी खाली ठेवा आणि भिंतीला धरू नका," गायकवाड सिस्टर म्हणाल्या.

माझ्या पुढची बाई नुसत्या चपला काढून थांबली नाही. तिनं कमरेची किल्ल्यांची जुडी काढली, हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकून आली आणि मग काट्यावर चढली. मागं आमची रांग खोळंबली होती.

"अहो बाई, माणूस तोलतायत, लगेज नाही," मी म्हटलं.

ती काट्यावरूनच वळली. "वजन बघून औषध देतेत म्हणं. किल्ल्यांला कशाला द्यायचं औषध?"

रांगेतल्या बायका हसल्या. सिस्टरही हसल्या. कॅन्सर हॉस्पिटलच्या त्या दालनात हसू तसं दुर्मीळच असायचं, म्हणून मला ती बाई लगेच आवडली. ही अंबूबाई गुंडला. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी, लहानपणापासून विड्या वळणारी, घरात तेलुगू बोलणारी आणि माझ्यापेक्षा ठसकेबाज मराठीत दुसऱ्याला गप्प करणारी. मी जयमाला साळुंके, एसटीत कंडक्टर. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, ती पन्नाशी ओलांडलेली. या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली.

दोघींच्या छातीत गाठ निघाली होती, दोघींचं ऑपरेशन झालं होतं, केमोनं दोघींचं डोकं तुळतुळीत झालं होतं. आता त्यापुढचं औषध सुरू व्हायचं होतं. आमच्या गाठींचा रिपोर्ट असा होता, की हे औषध आम्हाला लागू पडणार. साधारण तीन-तीन आठवड्यांनी यायचं, सलाईनमधून घ्यायचं, वर्षभर.

वजनं झाल्यावर सिस्टरनी आम्हा दोघींना एकत्र बोलावलं.

"हे औषध आपल्याकडं एका ट्रस्टकडून येतं. फार महागडं आहे. एक बाटली दोघींत देतो. तुम्ही दोघी हलक्या आहात, दोघींचं मिळून एका बाटलीत बसतं. म्हणून आजपासून तुमची जोडी. दोघींनी एकाच दिवशी यायचं."

"आणि एकीनं यायचं सोडलं तर?" मी विचारलं. एसटीत राहून मला कुठल्याही गोष्टीत आधी गाडी बंद पडल्यावर काय, हेच सुचतं.

"तर दुसरीला नवी जोडीदार मिळेपर्यंत थांबावं लागतं." सिस्टरनी बाहेरच्या बाकाकडं नजर टाकली. तिथं हिरव्या लुगड्यातली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. "त्या वैरागच्या. त्यांची जोडीदार मध्येच सोडून गेली. त्या दर सोमवारी येऊन विचारतात. खंड पडला की आजाराला मोकळं रान मिळतं, पण माझ्या हातात काय आहे?"

"आन् वजन वाढलं तर?" अंबूबाईनं विचारलं.

"वाढलं तर चांगलंच की. फक्त मग बाटलीत दोघींचं बसणार नाही. जोडी बदलावी लागेल."

अंबूबाईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लेकरं हायत तुला?"

"दोन मुली. धाकटी चौथीत आहे."

"मग न्हाई मोडायची जोडी," ती म्हणाली आणि बांगड्या परत हातात चढवायला लागली.

पहिलं सलाईन सिस्टरनी अगदी हळू सोडलं. पहिल्या वेळी बघत बघत द्यावं लागतं, म्हणाल्या. केमोचा अनुभव पाठीशी होता, त्यामुळे मी उलटीसाठी भांडं जवळ घेऊनच पडले होते. उलटी आली नाही. थोड्या वेळानं मात्र अंगात अशी हुडहुडी भरली, की खाटेचा पत्रा वाजायला लागला. दात एकमेकांवर आपटत होते. आता मी मरणार आणि मुलींना डेपोतून कोणीतरी फोन करून सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

"घाबरू नका, पहिल्या वेळी होतं असं," सिस्टर नळी बंद करत म्हणाल्या. "थंडी वाजते, ताप येतो. इंजेक्शन देते. उतरलं की पुन्हा सुरू करू, आणखी हळू. पुढच्या वेळी नाही होणार."

शेजारच्या खाटेवरून अंबूबाई हातातली सुई सांभाळत उठून बसली होती. तिनं आपली चादर माझ्या अंगावर टाकली आणि मोकळ्या हातानं माझा तळपाय घासायला लागली. विड्या वळून वळून तिची बोटं खरखरीत झाली होती. तिच्या हाताला तंबाखूचा वास येत होता. मला त्या वासानं एरवी मळमळतं, पण त्या दिवशी तो हात सोडू नये असं वाटत होतं.

"अक्का, तुम्ही झोपा की," मी कशीबशी म्हटलं.

"तू मेलीस तर माझी अर्धी बाटली बोंबलली," ती म्हणाली.

पुढच्या वेळेपासून खरंच काही झालं नाही. सलाईनही लवकर संपायला लागलं. सुरू करण्याआधी सिस्टर प्रत्येकीला तेच विचारायच्या. दम लागतो का, पायाला सूज आहे का, झोपताना उशी उंच लागते का. हे औषध केसांना हात लावत नाही, पोट ढवळत नाही, पण एखादीच्या हृदयावर ताण आणतं. तसं दिसलं तर औषध लगेच थांबवतात. म्हणून अधूनमधून छातीची इको तपासणीही करायची असते. मी "नाही" म्हणायचे, अक्काही "न्हाई" म्हणायची, आणि सिस्टर नळी सोडायच्या.

मला भूक परत आली. केमोत जिभेला सगळं गंजलेल्या लोखंडासारखं लागायचं. आता चटणीची चव कळायला लागली. डोक्यावर कोवळे केस आले, धाकटी त्यांवर हात फिरवत झोपायची. मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले, हलकी ड्यूटी, बुकिंगच्या खिडकीत. माझी गाडी रुळावर येत होती आणि मी हावरटासारखी जेवत होते.

त्यात अक्का डबा आणायची. चिंचेचा भात, शेंगाची चटणी, कडक भाकरी. सलाईन चालू असताना मला उजव्या हातानं खाता यावं म्हणून ती भाकरीचे तुकडे करून ठेवायची.

"तुम्ही पण घ्या."

"शनवार हाय. उपास."

पुढच्या खेपेला गुरुवार होता, तेव्हाही उपास. त्यापुढच्या खेपेला सोमवार.

"अक्का, देवानं एक तरी वार मोकळा सोडलाय का तुम्हाला?"

"पुष्कळ देव हायत आमच्याकडं. समद्यांला खूश ठेवावं लागतंय. तू खा की. तुला उभं राहून काम करायचं असतंय."

मी खायचे. तो भात इतका चवदार असायचा की मी डबा बोटानं पुसून खायचे, आणि ती समोर बसून बघायची. माझं खाणं बघून तिला समाधान मिळतंय, असं मला वाटायचं. मिळतही असेल.

श्रावणात एकदा काट्यावर उभी राहिले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "वा, जयमालाबाई, अंग धरलंत." मग त्यांनी अक्काचंही वजन पाहिलं आणि जरा थांबल्या. "तुमचंही वाढलंय. दोघींची बेरीज आता काठावर आली बघा. अजून बसतंय, पण जेमतेम."

अक्काचा चेहरा उतरला. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "एवढे उपास करून वजन वाढतंय म्हणजे साबुदाणा दाबून खाताय."

"पुढल्या बारी कमी करते," ती सिस्टरला म्हणाली, जणू तिनं काही गुन्हा केला होता.

"अहो, कमी कशाला करताय? वजन वाढणं म्हणजे औषध लागू पडल्याचं लक्षण. तुमची इको झाली ना?"

अक्काची इकोची तारीख नेमकी नारळी पौर्णिमेला आली होती. त्या दिवशी त्यांच्या मार्कंडेयाचा रथ निघतो आणि सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. ती गेली नव्हती. सिस्टरनी कपाळाला आठ्या घालून पुढची तारीख लिहून दिली.

त्यानंतरच्या खेपेला ती काट्यावर चढायच्या आधी खाली वाकली आणि कितीतरी वेळ वर उठलीच नाही. पाहते तर पायातली जोडवी ओढून काढायला बघत होती. ती निघत नव्हती. तिनं पिशवीतून साबणाचा तुकडा काढला, बोटांना चोळला आणि जोडवी ओढली. मी भोवतीच्या बायकांकडं पाहिलं. नवरा जिवंत असताना जोडवी काढलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या अक्काचा नवरा तर खाली झाडाखाली बसून तिचीच वाट बघत होता.

"अक्का, हे काय अभद्र?"

"चांदी हाय. वजन हाय तिला."

"जोडव्यांचं असं किती वजन असणार?"

"तुला काय करायचंय? तू तुझी तिकिटं मोज," ती तुटकपणे म्हणाली. असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. एसीची थंडी वाजते म्हणून हल्ली ती चादर पायावरून खाली खोचून घ्यायची, त्या दिवशीही तिनं तसंच केलं. सिस्टरनी विचारलं, "दम? सूज?" ती म्हणाली, "न्हाई, कुठलं काय."

पण बेरीज काठाच्या बाहेर गेली होती. सिस्टर म्हणाल्या, आजचं कसंतरी बसवते, पुढच्या वेळेपासून जोड्या बदलाव्या लागतील. बाकावरची वैरागची बाई त्या दिवशी नव्हती. अक्कानं तिची चौकशी केली. सिस्टरनी नुसती मान हलवली आणि सलाईनची बाटली टांगायला वळल्या. अक्का बराच वेळ त्या रिकाम्या बाकाकडं बघत होती.

"जयमाला, पुढल्या बारी बसंल बघ," जाताना ती म्हणाली.

"काय बसंल?"

"बसंल म्हणते ना. तू नीट जेव."

पुढच्या खेपेला मला यायला उशीर झाला. आमचं दालन पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याच्या मधल्या वळणावर अक्का पायरीवर बसलेली दिसली. शेजारी तिची सून सरोजा पदरानं वारा घालत होती. अक्काचं तोंड उघडं होतं आणि बरगड्यांच्या वरची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. चेहरा फुगलेला, ओठ जांभळट.

"झालं का वजन?" मला बघून तिनं हेच विचारलं.

"अक्का, तुम्हाला काय होतंय?"

"काय न्हाई. जिना हाय. कमी झालं असंल बघ आता... चार दिस नुसत्या पाण्यावर हाय."

"कशाला?"

श्वास गोळा करायला तिला वेळ लागला. "बाटली पुरायला नगं व्हय? तुझं अंग भरायलंय. भरू दे. तुला पोरी हायत. माझं कमी झालं की बसतंय दोघींचं."

सरोजाचा वारा घालणारा हात थांबला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी तर जेवतच नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, दवाखान्यात जयमालासंगं पोटभर जेवले, तिथंच डबा संपवला."

मी त्या पायरीवर उभी राहिले. सगळे वार, सगळे देव, सगळा चिंचेचा भात एकदम माझ्या घशाशी आला. मला तिची दया आली नाही, भयंकर राग आला. कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? जिन्यातच तिला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. त्याऐवजी मी वर पळाले आणि सिस्टरना हाक मारली.

तिला स्ट्रेचरवरून आत नेलं. डॉक्टरांनी तिच्या पायावरची साडी वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथं खळगा तसाच राहिला. पावलं तर कणीक भिजवून ठेवल्यासारखी फुगली होती. जोडवी काढायला साबण का लागला होता, ते मला तेव्हा कळलं.

"हे वजन चरबीचं नाही, पाण्याचं आहे," डॉक्टर सिस्टरना म्हणाले. "हृदय पंप करत नाहीये. केव्हापासून दम लागतोय यांना?"

"त्या नाही म्हणायच्या, डॉक्टर. दर वेळी विचारलंय मी."

"अंबूबाई, का नाही सांगितलंत? वेळेत कळलं असतं तर औषध थांबवलं असतं. बरेच जण सावरतात त्यातून."

अक्कानं नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली. "थांबवलं असतं म्हणूनच," ती म्हणाली. बाकीचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

मग तिनं हातानं सिस्टरना जवळ बोलावलं. "बाटली फोडली का?"

"फोडलीय."

"मग तिचं तिला द्या. ती का थांबायची?"

बाटली फोडलेली होती. माझं वजन घेतलं गेलं. मला खाटेवर झोपवलं, सुई लावली, आणि औषध नेहमीसारखं गारेगार हातातून वर चढायला लागलं. मधला पडदा ओढलेला होता. पलीकडं मशीन वाजत होतं, डॉक्टर भराभर काहीतरी सांगत होते, सरोजा तेलुगूत रडत होती. मी छताकडं बघत पडून राहिले. मला उठता येत नव्हतं. कोणीतरी विचारलं, जेवलात का. मी तोंड फिरवून घेतलं.

त्यानंतर तिला खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात हलवलं. पाणी उतरवायची इंजेक्शनं चालू होती. मी ड्यूटी सुटल्यावर जायचे. ती कधी जागी असायची, कधी नसायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय जेवढं खचलंय तेवढं परत उभं राहील असं दिसत नाही. अंगात ताकदच उरलेली नाही. इतके महिने उपाशी राहिलेलं शरीर आहे, ते कशावर लढणार? आणि हे औषध तर तिला आता कधीच देता येणार नाही.

तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिचा नवरा खाटेच्या पायथ्याशी बसून असायचा. तो तिला विडीच्या कारखान्यातल्या, शेजारपाजारच्या गोष्टी सांगायचा आणि मधेच बोलायचं विसरून जायचा.

माझ्या पुढच्या सलाईनच्या दिवशी वर जायच्या आधी मी तिच्याकडं गेले. सगळी सूज उतरली होती. खाटेवर जी बाई होती ती मला क्षणभर ओळखू आली नाही. गालफडं बसलेली, मनगटाची दोन्ही हाडं वेगवेगळी दिसणारी. पाण्याच्या आत ती केव्हाच संपत आली होती आणि आम्ही बाहेरून वजन वाढलं म्हणून कौतुक करत होतो.

वॉर्डातल्या नर्सला इंजेक्शनाच्या हिशोबासाठी तिचं वजन हवं होतं. मी आणि सरोजानं दोन्ही बाजूंनी धरून तिला काट्यावर उभं केलं. तिचे पाय थरथरत होते. नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा अक्का हसली. अगदी आतून, पोरीसारखी हसली.

"ऐकलंस का?" ती माझ्या खांद्याला धरत म्हणाली. "बसतंय आता. दोघींचं बसून वर उरंल बघ."

सरोजा दुसरीकडं बघत होती.

"आज न्हाई जमायचं मला. जिना चढवत न्हाई," तिला खाटेवर निजवताना ती म्हणाली. "पण तू वर जाऊन सिस्टरला सांग, वजन उतरलंय म्हणावं. पुढल्या बारी येतेय. आमची जोडी मोडू नगा म्हणावं. सांगशील न्हवं?"

"सांगते," मी म्हटलं.

"आन् जेवलीस का?"

"जेवले."

मी तिच्या अंगावर चादर सारखी केली आणि जिना चढून वर गेले. सिस्टरनी बाटली काढून ठेवली होती. माझ्या शेजारच्या खाटेवर, हातात सुई लावून घेत, मोहोळची एक बारीकशी बाई बसली होती. मला बघून तिनं घाबरत घाबरत विचारलं, "माझी जोडी तुमच्याबरोबर लावलीय ना?"